सोवळ्यातले वाचन

माझी आजी सोवळ्यात स्वयंपाक करीत असे. हे वाक्य लिहिताना तिची लाल धाबळी डोळ्यांपुढे येते, माजघराच्या आढ्याला टांगलेली बांबूची दांडी दिसते आणि त्या दांडीवर काठीने वस्त्र टाकताना उंचावलेले तिचे सुरकुतलेले हात दिसतात. शाळेतून येऊन आम्ही पोरे चुलीकडे धावलो की आतून "शिवू नका रे!" असा आवाज यायचा आणि आम्ही उंबऱ्यावर थबकायचो. पुढे आजी गेली, धाबळी गेली, चूलही गेली. सोवळे हा प्रकार आमच्या घरातून कायमचा गेला, असेच मी समजत होतो.

पण गेली सहा-सात वर्षे मी नव्याने सोवळे पाळतो आहे, आणि तेही संगणकापुढे बसून. २०२३ सालच्या नोव्हेंबरात या सोवळ्याची किंमत मोजावी लागली ती माझ्या थोरल्या बहिणीला. तेव्हापासून एक प्रश्न मला सोडत नाही. नकार देण्यात जो विवेक असतो तो कोठे संपतो आणि सोवळे कोठे सुरू होते? वाचकांपुढे हा प्रश्न मांडावा म्हणून हा लेख.

माझे सोवळे काय, ते आधी सांगायला हवे. महाजालावरची पाने आपण ज्याच्यातून पाहतो त्या ब्राउझरच्या सेटिंगमध्ये एक बारीकशी सोय असते. ती वापरली की पानाबरोबर येणाऱ्या स्क्रिप्ट चालेनाशा होतात. मजकूर येतो, चित्रे बहुतेक येतात, दुवेही चालतात, पण पान आपण होऊन काही करीत नाही. मध्येच खिडकी उघडत नाही, चित्रफीत सहसा आपोआप सुरू होत नाही, तुम्ही कोठवर वाचलेत याची नोंद त्या वाटेने कोणाकडे जात नाही. काही पाने मात्र अजिबात दिसत नाहीत. नुसता पांढरा पडदा समोर येतो आणि मुकाट परतावे लागते.

स्क्रिप्टला मराठीत आज्ञावली म्हणतात. हा शब्द घडवणाऱ्याने मोठे काम केले आहे असे मला वाटते, कारण सगळा नैतिक प्रश्न त्या एका शब्दात आहे. लेख वाचायचा असतो, आज्ञा पाळायची असते. मी पान मागवतो ते वाचण्यासाठी, आणि त्या पानाच्या पोटातून माझ्या यंत्राला हुकूम सुटत असतात. यंत्र माझे, वीज माझी, जागाही माझीच. हुकूम मात्र दुसऱ्याचे, आणि ते काय आहेत हे मला ठाऊक नाही.

मुळात असे नव्हते. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ साली या जाळ्याची कल्पना मांडली, १९९१ मध्ये ते बाहेरच्या जगाला दिसू लागले आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. त्या काळातले पान म्हणजे खुणा केलेला मजकूर. हे शीर्षक, हा परिच्छेद, येथून दुसऱ्या पानाकडे जाण्याची वाट, एवढेच त्यात असे. १९९२ साली अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात तयार झालेला लिंक्स नावाचा ब्राउझर तर चित्रेसुद्धा दाखवीत नसे, नुसती अक्षरे. तो आजही चालतो. मग १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक या गृहस्थाने दहा दिवसांत एक छोटी संगणकभाषा रचली. तिचे नाव आधी मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात जावास्क्रिप्ट असे झाले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. म्हणजे आपण या घरात पाऊल टाकले तेव्हाच नवा कारभारीही आत येत होता.

मी पहिल्यांदा हे जाळे पाहिले १९९९ साली, बेळगावात कॉलेज रोडवरच्या एका सायबर कॅफेत, तासाला साठ रुपये मोजून. आधी अक्षरे यायची, मग चित्र वरून खाली एकेक ओळ उतरायचे. शाळेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या मला वाटले, जगातले सारे वाचनालय कोणीतरी माझ्या टेबलावर आणून ठेवते आहे. वाचनालयात कपाटातले पुस्तक आपल्याकडे बघत नाही. तेव्हाची पानेही जवळजवळ तशीच होती.

माझ्या नकाराचे निमित्त तसे क्षुल्लक होते. २०१८ च्या गणपतीत पुण्याचा पुतण्या आला होता. त्याचा व्यवसाय हाच. मी एका संकेतस्थळावरच्या चौकटीत एका जुन्या सहकाऱ्याविषयी चार तिखट ओळी टाइप केल्या होत्या, मग मनात आले की जाऊ दे, सत्तरी जवळ आली, आता कशाला कडवटपणा, आणि सगळ्या खोडल्या. पुतण्या मागे उभा राहून पाहत होता. हसून म्हणाला, "काका, खोडलंत ते तुमच्यासाठी. त्या पानाच्या मालकानं ठरवलं तर तुम्ही लिहिता लिहिताच ते उचलता येतं." त्या पानाने तसे केले असे त्याचे म्हणणे नव्हते, करता येते एवढेच. त्या रात्री मला नीट झोप आली नाही.

ही नुसती शक्यता नव्हती, हे पुढे कळले. २०२२ साली बेल्जियम, नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडमधल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी जगातली सर्वाधिक भेटी मिळणारी एक लाख संकेतस्थळे तपासली. अर्जातल्या चौकटीत ईमेलचा पत्ता लिहायचा आणि 'पाठवा' ही कळ दाबायचीच नाही, असा त्यांचा प्रयोग. युरोपातून पाहिले तेव्हा १,८४४ संकेतस्थळांवरून आणि अमेरिकेतून पाहिले तेव्हा २,९५० संकेतस्थळांवरून तो न पाठवलेला पत्ता परस्पर माग काढणाऱ्या कंपन्यांकडे गेला होता.

लाखात दोन-तीन हजार ही संख्या थोडी वाटेल. पण मला संख्येपेक्षा तिच्यातले तत्त्व अस्वस्थ करते. लिहून फाडलेल्या पत्राला आपल्या समाजात एक मान आहे. रागाच्या भरात लिहिलेले पत्र सकाळी चुलीत घालणारा माणूस आदल्या रात्रीच्या माणसाहून मोठा असतो, असे आपण मानतो. ओठांवर आलेला शब्द गिळणे याला आपण संयम म्हणतो, आणि गिळलेला शब्द उच्चारलाच गेला नाही असे धरून चालतो. मनात येणे आणि जगात येणे यांच्यामध्ये एक उंबरा आहे. त्या उंबऱ्यावर माणूस स्वत:ला तपासतो, माघार घेतो, सुधारतो. तो उंबराच कोणी काढून टाकला, तर नीती राहणार कोठे? खोडण्याचा अधिकार हा मला बोलण्याच्या अधिकाराइतकाच मूलभूत वाटतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. खोडलेल्या ओळीही त्यात याव्यात असे मला वाटते.

"पण तुम्ही संमती दिलेली असते," असे कोणी म्हणेल. संमतीला दोन गोष्टी लागतात, कशाला संमती देतो याचे ज्ञान आणि नाही म्हणण्याची सोय. ज्ञानाचे पाहा. देवनागरीतले एक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात. त्या हिशेबाने तुमच्या हातातला हा सगळा लेख ४५ किलोबाइटच्या आसपास जागा घेईल. २०२४ च्या मोजणीत मोबाइलवर उघडणाऱ्या संकेतस्थळांच्या मुखपृष्ठांपैकी निम्म्यांबरोबर ५०० किलोबाइटहून अधिक नुसती जावास्क्रिप्ट येत होती. म्हणजे लेख वाचायला मागवावा आणि त्याच्यासोबत दहा-बारा लेखांएवढा न वाचता येणारा मजकूर घरात यावा. तोही मोकळ्या ओळी काढून, नावे तोडून एकाला एक चिकटवलेला. जाणकारालाही तो सहज उलगडत नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी २००९ साली हाच आक्षेप घेतला होता, की माणूस आपल्या यंत्रावर परक्या आज्ञावल्या चालवतो आणि त्या चालवतो आहोत हेही त्याला ठाऊक नसते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या आज्ञावल्या ब्राउझरच्या आत कुंपण घालून चालवल्या जातात. माझ्या फायली त्यांना सरसकट उघडता येत नाहीत. २०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर नावाचा दोष उघडकीस आला आणि त्या कुंपणालाही भगदाड पडू शकते हे दिसले. पण ती वाट बुजवण्याचे कामही लगोलग सुरू झाले. आणि या आज्ञावल्यांनी चांगले काही दिलेच नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. हलणारा नकाशा त्यांच्यामुळे आहे. मराठी विकिपीडियावर रोमन कळफलकावरून देवनागरी लिहिण्याची जी सोय आहे ती स्क्रिप्टवरच चालते. आपल्यातल्या कित्येकांनी महाजालावर पहिले मराठी वाक्य अशाच एखाद्या सोयीने लिहिले असेल.

तरीही मी दार लावले. पुतण्याने सेटिंग दाखवले, मी ते बंद केले, आणि खरे सांगतो, फार बरे वाटले. पाने झटकन येऊ लागली. कोणी मध्ये बोलेना. गीतेतल्या स्थितप्रज्ञाच्या लक्षणांत अवयव आत ओढून घेणाऱ्या कासवाचा दृष्टान्त आहे; मला आपण ते कासव झालो आहोत असे वाटू लागले. चार लोकांत सांगूही लागलो. येथेच घसरण सुरू झाली, पण ते मला उशिरा कळले.

पहिला टोला दिला तो रोज सकाळी बरोबर फिरायला येणाऱ्या आमच्या एका स्नेह्याने. तो बँकेतून निवृत्त झालेला, हिशेबाचा पक्का. टिळकवाडीत काँग्रेस विहिरीपाशी आम्ही टेकतो. माझे सारे व्याख्यान ऐकून तो म्हणाला, "मास्तर, ते पान लिहिणाऱ्याचं पोट जाहिरातीवर. जाहिरात स्क्रिप्टवर. तुम्ही स्क्रिप्ट बंद करून वाचता, म्हणजे पंगतीला बसायचं आणि आहेराच्या वेळी मागल्या दारानं निघायचं."

मला उत्तर सुचले नाही. घरी येऊन मी गेल्या वर्षीचा एक दिवाळी अंक उघडला. कुंद्याच्या दुकानाची जाहिरात, सहकारी पतसंस्थेची, सराफाची, छापखान्याची. या जाहिराती नसत्या तर तो अंक निघाला नसता, आणि वाचताना त्यांनी माझे काही बिघडवले नव्हते. मग फरक कोठे आहे? फरक असा, की छापलेली जाहिरात मी पाहतो, ती मला पाहत नाही. सराफाच्या पानावर मी किती वेळ थांबलो, त्याआधी कोणती कथा वाचली, कोणत्या परिच्छेदाला अंक मिटला, हे सराफाला कळत नाही आणि ते कळावे अशी त्याची अपेक्षाही नसते. म्हणून माझा आक्षेप जाहिरातीला नाही, वाचकाचे वाचन करण्याला आहे. १९९० च्या दशकात पानावर टपकन उघडणाऱ्या जाहिरातीच्या खिडकीची आज्ञावली ज्यांनी लिहिली त्या ईथन झुकरमन यांनी २०१४ मध्ये जाहीर माफी मागितली. आमचा हेतू चांगला होता, असेही ते म्हणाले. जाहिरातीच्या पैशावर सारे फुकट द्यायचे, हेच त्यांना मूळ पाप वाटते.

पण एवढ्याने स्नेह्याचा आक्षेप फिटला नाही, हे मी कबूल करतो. यजमान पाहुण्याचे खिसे तपासतो हे खरे असले, तरी म्हणून पाहुण्याने फुकट जेवावे हे सिद्ध होत नाही. ज्याचे आपण नेहमी वाचतो त्याला वर्गणी द्यावी, नाहीतर वाचू नये. मी तेव्हापासून दोन ठिकाणी वर्गणी देतो, आणि एक-दोन पाने वाचायची सोडली आहेत. नकाराची किंमत नकार देणाराने भरावी, इतपत मला तेव्हाच समजले होते. ती दुसऱ्याकडून वसूल होत असते हे मात्र पुढच्या हिवाळ्यात समजले.

माझी अक्का शहापुरात एकटी राहते. वय तेव्हा एकोणऐंशी, गुडघे गेलेले, यजमानांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतनावर घर चालते. दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत असा दाखला द्यावा लागतो. तिच्या बँकेने माणूस घरी पाठवून तो दाखला घेण्याची सोय ठेवली होती. त्यासाठी संकेतस्थळावर नोंदणी करायची. मी म्हटले, मी करतो. आपल्या खोलीत बसून मी तिचे नाव, खातेक्रमांक, पत्ता, सोयीचा दिवस, सारे भरले आणि कळ दाबली. पान क्षणभर पांढरे झाले आणि रिकामा अर्ज पुन्हा समोर आला. मी समजलो, अर्ज गेला, आता दुसऱ्यासाठी कोरा आला आहे. अक्काला फोन करून सांगितले, झाले तुझे काम.

अर्ज गेलाच नव्हता. तो पाठवण्याचे काम स्क्रिप्टकडे होते आणि स्क्रिप्ट मी बंद करून ठेवली होती. पानाने तसे सांगितले नाही, हा पान लिहिणाऱ्याचा दोष. पण खात्री न करता "झाले" असे सांगितले ते मी. नोव्हेंबर संपला, कोणी आले नाही. डिसेंबरचे पैसे जमा झाले नाहीत, जानेवारीचेही नाहीत. अक्काने मला कळवले नाही. जानेवारीच्या अखेरीस मी सहज गेलो तेव्हा गोळ्यांची पट्टी उशीजवळ दिसली. रक्तदाबाची गोळी, आणि तारखेच्या मानाने पट्टीत फार गोळ्या शिल्लक. विचारले तर म्हणाली, दिवसाआड घेते, पुरवायला नको का?

"मला सांगायचं नाही होय?" मी ओरडलोच.

"काय सांगायचं? तू नोंद केलास म्हणालास. मग त्यांचाच उशीर असंल म्हणून गप्प बसले."

दुसऱ्या दिवशी तिला रिक्षात घालून बँकेत नेले, अर्ध्या तासात काम झाले, फेब्रुवारीत थकलेले पैसेही मिळाले. न घेतलेल्या गोळ्या मात्र कशा भरून येणार? सुदैवाने पुढे काही विपरीत झाले नाही. अर्ज का गेला नाही, ते मी तिला सविस्तर सांगितले, सेटिंगपासून सगळे. आपली चूक सविस्तर सांगितली की ती थोडी हलकी होईल, असे माणसाला वाटते. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "आजीचं सोवळं आठवतंय काय तुला? ती चुलीशी, आणि पाणी कोण ओढायचं?"

पाणी आई ओढायची. आजीच्या सोवळ्याला विहिरीचे ताजे पाणी लागे, आदल्या दिवशीचे चालत नसे. थंडीत पहाटे ओलेत्याने आई घागरी भरायची. आजी शुद्ध राहायची आणि आईचे हात फुटायचे. आमच्या बोळाच्या तोंडाशी ज्यांनी थबकावे अशी अपेक्षा होती, ती माणसे तर आमच्या हिशेबात कधी आलीच नाहीत. शुद्धतेचे श्रम आणि शुद्धतेचा अपमान नेहमी दुसऱ्याच्या वाट्याला गेला. आजी वाईट बाई नव्हती. आपल्या घागरी कोणाच्या कमरेवर येतात हे तिने कधी मागे वळून पाहिले नाही, इतकेच.

आता मला माझ्या प्रश्नाची निकड कळली. नकार खरा की खोटा, हे नकाराच्या तिखटपणावरून ठरत नाही. त्याचे पाणी कोण ओढतो, हे पाहावे लागते.

आम्ही रोज जेथे टेकतो ती विहीर १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदली गेली. गांधीजी ज्याचे अध्यक्ष झाले असे ते एकमेव अधिवेशन. त्या अधिवेशनाची आठवण आम्ही बेळगावकर अभिमानाने सांगतो, पण तेथे काय ठरले ते सहसा सांगत नाही. असहकाराचा राष्ट्रीय कार्यक्रम तेथे स्थगित झाला. एक नकार मात्र ठेवला, परदेशी कापड न वापरण्याचा. आणि त्या नकाराशी एक काम बांधले. सभासदाने वर्गणी म्हणून महिन्याला २००० वार सूत कातून द्यावे. पुढे एक सवलत होती, आजार किंवा अनिच्छा असेल तर दुसऱ्याने कातलेले सूतही चालेल. पुढच्याच वर्षी ही सक्ती मागे पडली आणि चार आणे वर्गणीचा पर्याय आला.

शंभर वर्षांनंतर त्या विहिरीच्या कठड्यापाशी उभे राहून मला यात दोन गोष्टी दिसतात. एक, सर्वत्र नकार देणे मोठ्या माणसालाही निभावले नाही, पण म्हणून त्याने सगळे सोडलेही नाही. जो नकार स्वत:च्या अंगावर घेता येतो, तेवढा त्याने ठेवला. दुसरी गोष्ट त्या सवलतीची. दुसऱ्याने कातलेले सूत आपले म्हणून देण्याची मुभा मिळाली की व्रत संपते आणि सोवळे सुरू होते. मी महाजालाशी असहकार केला होता, आणि सूत अक्काने कातले होते.

मग सारे सोडून द्यावे काय? फेब्रुवारीत मी तेच केले. सेटिंग पूर्ववत केले, पाने पुन्हा बोलू लागली, खिडक्या उघडू लागल्या. पंधरा दिवसांत लक्षात आले की हेही उत्तर नव्हे. माझ्या अपराधाची शिक्षा मी माझ्या उंबऱ्याला देत होतो. खोडलेल्या ओळींचा प्रश्न होता तेथेच होता.

या सुमारास एक जुनी माहिती वाचनात आली आणि माझ्या विचाराला वळण मिळाले. २०१३ साली ब्रिटिश सरकारच्या डिजिटल विभागाने आपल्या संकेतस्थळावर एक मोजणी केली. किती लोकांकडे पानाची स्क्रिप्ट चालत नाही? उत्तर आले १.१ टक्के. त्यांतले ०.२ टक्के लोकांनी ती मुद्दाम बंद केलेली किंवा त्यांच्या ब्राउझरला ती येतच नव्हती. उरलेल्या ०.९ टक्के लोकांकडे स्क्रिप्ट चालण्याची सोय होती, पण तरीही ती चालली नव्हती. कारणे अनेक असू शकतात. मध्येच तुटलेला संपर्क, कचेरीतली आडकाठी, अर्धवट उतरलेले पान.

म्हणजे माझ्यासारख्या एका सोवळेकऱ्यामागे चार-साडेचार माणसे अशी, की ज्यांनी काहीच नाकारले नव्हते आणि तरी त्यांच्यापुढे पांढरा पडदा होता. आपल्या भाषेत यासाठी दोन शब्द शेजारी शेजारी आहेत, उपवास आणि उपासमार. पोट दोघांचेही रिकामे. पण एकाच्या घरात फराळाची तयारी असते आणि दुसऱ्याच्या घरात काहीच नसते. मी एकादशी करीत होतो. माझा पडदा पांढरा झाला की मी सेटिंग बदलू शकत होतो. खानापूरच्या जंगलपट्टीत एकाच उंचवट्यावर मोबाइलला रेंज मिळते म्हणून तेथे उभा राहून अर्ज भरणाऱ्या पोराला तसे काय बदलता येणार?

उपवासाचा उपयोग एवढाच असू शकतो, की त्याने भूक कळावी. माझ्याकडे वेळ आहे, निवृत्तिवेतन आहे, मदतीला पुतण्या आहे. तेव्हा दार लावून बसण्याची चैन मला परवडते. ती चैन सार्थ करायची तर जे पान स्क्रिप्टशिवाय मुके होते, त्याच्या मालकाला दोन ओळी लिहून कळवणे हे माझे काम. साधा मजकूर दिसण्यासाठी आज्ञावली कशाला? अर्ज गेला नाही हे सांगणारे एक वाक्य का नाही? गेल्या दीड वर्षात मी अशी बरीच पत्रे पाठवली. बहुतेकांनी उत्तर दिले नाही. एका वाचनालयाने मात्र आपली ग्रंथसूची साध्या पानावर आणून दिली. माझे सूत म्हणाल तर हे एवढेच, आणि ते मीच कातलेले आहे.

माझी आजची रीत सांगून थांबतो. ती सर्वांनी पाळावी असा आग्रह नाही. वाचण्यासाठी बसतो तेव्हा दार बंद. वाचायला आज्ञा पाळण्याची गरज नाही, हे माझे मत बदललेले नाही. ब्राउझरमध्ये अपवादांची एक यादी करता येते. ज्या पानांना मी ओळखतो, ज्यांचे काम आज्ञावलीशिवाय होणारच नाही, ती मी त्या यादीत घालतो. आणि तिसरा नियम फार कडक आहे. दुसऱ्याचे काम करायला बसलो की माझे सोवळे खुंटीला. तेथे माझे तत्त्व चालणार नाही, त्या माणसाची गरज चालेल. काम झाल्याची पोच हातात आल्याशिवाय "झाले" हा शब्द उच्चारायचा नाही.

यादीतले पहिले नाव अक्काच्या बँकेचे आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात मी लॅपटॉप घेऊन शहापूरला गेलो आणि तिच्या शेजारी बसूनच नोंदणी केली. पोचक्रमांक आला, तो तिच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहिला. ती चष्मा पुसत म्हणाली, "दार उघडलास न्हवं?"

"उघडलं," मी म्हणालो, आणि तरी पुन्हा एकदा पाहून घेतले.